जुन्या वाहनाची पारख : घोड्याच्या डागापासून मोटारीच्या नोंदीपर्यंत

जुनी मोटार विकत घ्यावी कीं नाहीं, आणि घ्यावयाची झाल्यास ती कशी पारखावी, हा प्रश्न आज मध्यम स्थितीच्या पुष्कळ घरांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. चार-पांच वर्षांची शिल्लक एका व्यवहारांत खर्ची पडावयाची असते, विकणारा बहुधा अनोळखी असतो, आणि गाडीच्या पोटांत काय चाललें आहे तें घेणाऱ्यास दिसत नाहीं. हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला अशी एक समजूत आहे; ती मात्र खरी नव्हे. वापरलेलें वाहन दुसऱ्याकडून घेणें ही गोष्ट घोड्याइतकी व बैलाइतकी जुनी आहे, आणि तींत फसगत होऊं नये म्हणून केलेली योजनाहि तितकीच जुनी आहे. वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्हा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. सिंदखेडच्या जाधवरावांचें घोडदळ, खामगांवच्या पेठेकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलगाड्या आणि रेल्वे न पोंचलेल्या बुलढाणा शहराकडे घाट चढणाऱ्या मोटारी, अशीं तीन युगांचीं वाहनें या एका जिल्ह्यानें पाहिलीं आहेत.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार केलेला आढळतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत, विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा करण्यास घेणाऱ्याला किती अवधि असावा, याचें जणुं कोष्टकच दिलें आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन आणि ओझें वाहणाऱ्या जनावराला पांच दिवस. या आंकड्यांच्या मागें व्यवहारज्ञान आहे. लोखंड एका दिवसांत ठोकून पाहतां येतें. बीं रुजावयास दिवस लागतात. दुभत्या जनावराची लबाडी तीन दिवसांच्या धारांत उघडी पडते. ओढीच्या जनावराचा दोष मात्र दमल्यावर दिसतो, आणि धष्टपुष्ट दिसणारें जनावर दमावयास तीन दिवस पुरे पडतीलच असें नाहीं. आजच्या मोटारीच्या बाजारांत पांच दिवसांची मुदत मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे विक्रेता आश्चर्यानें पाहील. आपल्याकडे १९३० सालीं झालेल्या मालविक्रीच्या कायद्याचें मूळ इंग्रजी कायद्यांत आहे, आणि घेणाऱ्यानें आपले डोळे उघडे ठेवावेत हें त्याचें सामान्य तत्त्व आहे. अपवाद आहेत, परंतु ते कोर्टांत सिद्ध करावे लागतात.

पारखेची दुसरी बाजू म्हणजे ओळख पटविणें. वाहन चांगलें असून भागत नाहीं. दाखविलें तेंच तें आहे कीं नाहीं, आणि विकणाराचेंच आहे कीं नाहीं, हें कळावें लागतें. इ. स. १२९६ ते १३१६ पर्यंत दिल्लीवर राज्य करणाऱ्या अल्लाउद्दीन खिलजीनें फौजेंतील घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली, कारण हजेरीच्या दिवशीं मागून आणलेला चांगला घोडा दाखवावयाचा आणि मोहिमेवर रद्दी तट्टू न्यावयाचें, ही लबाडी फार माजली होती. त्यानें घोड्यांच्या बाजारांतील दलालांनाहि वठणीवर आणलें. पुढें शेरशहानें व अकबरानें हीच डागाची चाल पुन्हां सुरू केली. शिपायाची व घोड्याची वर्णनासह नोंद होई. रंग, खुणा, डाग हें सारें लिहिलेलें असे. आपल्या भाषेंतील ‘चेहरेपट्टी’ हा शब्द याच कुळांतला.

सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाबाईसाहेबांचे वडील, हे प्रथम निजामशाहीचे मातबर सरदार. पुढें ते मोंगलांकडे गेले, पुन्हां परतले आणि १६२९ सालीं देवगिरीच्या किल्ल्यांत त्यांचा घात झाला. अशा सरदाराच्या पदरच्या घोडेस्वारांची संख्या हीच त्याची किंमत होती. म्हणून घोडा कोणाचा व कसा, ही बाब खाजगी राहिली नव्हती; ती दप्तराची झाली होती. आजच्या मोटारीचा नोंदणी क्रमांक हा या जुन्या डागाचाच वंशज समजावयास हरकत नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या वांट्याला त्यांतील ‘एम्‌एच्‌ २८’ हीं अक्षरें आलीं आहेत.

घोडा सरदाराचा, बैल मात्र घरोघरचा. वऱ्हाडांतल्या गुरांच्या बाजारांत बैल पारखण्याची जी विद्या आहे ती पुस्तकांत फारशी नाहीं, पण ती कोणत्याहि शास्त्रापेक्षां कमी नेमकी नाहीं. बैलाच्या खालच्या जबड्यांत पुढचे आठ दांत असतात. दुधाचे दांत न पडलेला तो आदत. पहिली कायमची जोडी दोन वर्षांच्या पुढेंमागें येते तेव्हां तो दुसा. मग चौसा, मग सहादाती, आणि सर्व जोड्या भरल्या म्हणजे जुळीव. त्यानंतर दांतांची झीज पाहून वय सांगतात. विकणारा तोंडानें कांहींहि बोलो, बैलाचें तोंड उघडलें म्हणजे वयासंबंधीं वाद राहत नाहीं. हेडी लोकांच्या युक्त्याहि कांहीं थोड्या नसतात. शिंगें तासून तेल लावणें, बाजारापूर्वीं पंधरा दिवस पेंड चारून अंग भरविणें, लंगड्या पायाला मऊ मातीवर चालवून दाखविणें, हे सारे प्रकार जाणत्याला ठाऊक असतात. म्हणून तो बैलाला कठीण जमिनीवर चालवितो, भरल्या गाडीला जुंपतो, चढावर थांबवून पुन्हां हांकतो. खांद्यावरची कातडी चांचपून पाहतो. मारका आहे काय, बसका आहे काय, जोडीदाराला ढकलतो काय, या खोडी विचारून घेतो. आणि शेवटीं व्यवहाराच्या पावतीवर रंग, शिंगें व अंगावरील खुणा लिहून घेतो, कारण चोरीचा बैल निघाला तर पैसाहि जातो आणि चौकशीहि मागें लागते.

या बाजारांत एक गोष्ट मात्र घेणाऱ्याच्या हिताची नव्हती. दलाल रुमालाखालीं हात घालून बोटें दाबून भाव ठरवीत, आणि तो भाव शेजारी उभ्या असलेल्या मालकालाहि कळत नसे. कापसाच्या पेठांतहि हत्ता नांवाची हीच पद्धत चाले. १८७० सालीं जलंबहून खामगांवपर्यंत रेल्वेचा फांटा आला आणि खामगांवची कापूसपेठ नांवारूपाला चढली. पण गाडी घेऊन आलेल्या कुणब्याला आपल्या मालाचा भाव रुमालाखालून कळावा, ही स्थिति होती. १८८६ सालीं कारंजा येथें नियमित बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजाराचा खास कायदा झाला. मान्य तराजू, परवाना असलेला दलाल, ठरलेली दलाली, उघडा व्यवहार ही कल्पना हिंदुस्थानांत वऱ्हाडानें पहिल्यानें कायद्यांत आणली, ही त्या प्रांतासाठीं अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकांत जितकी यावयास पाहिजे तितकी येत नाहीं.

आतां मोटारीकडे वळावें. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार १८९८ च्या सुमारास आली, आणि १९०१ सालीं जमशेटजी टाटा यांनीं आपली मोटार घेतली. १९०८ ते १९२७ पर्यंत अमेरिकेंत फोर्डनें आपल्या टी नमुन्याच्या दीड कोटी गाड्या काढल्या, आणि १९२८ पासून मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सच्या गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला मोटारीची गरज इतर ठिकाणांहून अधिक होती. आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगांव या पूर्णाकांठच्या सखल भागांतून जाते; बुलढाणा शहर सुमारें साडेसहाशें मीटर उंचीवर घाटमाथ्यावर बसलें आहे, आणि मलकापूर स्टेशनापासून तेथें पोंचण्यास सुमारें ४५ किलोमीटरांचा रस्ता व राजूरचा घाट लागतो. मेहकर, चिखली, लोणार, देऊळगांवराजा हीं सारीं गांवें रस्त्यावरच अवलंबून आहेत.

परंतु बैलाच्या बाजारांतील ज्ञान मोटारीला उपयोगी पडलें नाहीं. मोटारीला दांत नाहींत. १९१४ च्या कायद्यानें नोंदणीची सर्वदेशीय व्यवस्था झाली, आणि १९३९ च्या कायद्यानें मालक बदलल्यास तें कळविण्याचें बंधन घातलें. म्हणजे डाग आला, पण परीक्षा आली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, आणि कित्येक मोटारी कोळशाच्या वायूवर धांवूं लागल्या. त्या वायूनें इंजिनाची शक्ति कमी होई व आंत घाण सांचे. लढाई संपल्यावर सैन्याच्या जीप व ट्रक विक्रीस निघाले. त्या काळांत जुनी गाडी घेणाऱ्यानें गाडीचें वय विचारण्यापेक्षां, युद्धाच्या वर्षांत तिनें काय खाल्लें व काय ओढलें, हें विचारणें अधिक शहाणपणाचें होतें.

स्वातंत्र्यानंतरचीं तीन-साडेतीन दशकें तर विलक्षणच म्हटलीं पाहिजेत. परदेशी गाड्यांची आयात बंद पडत आली, शिवडीचा कारखाना १९५४ सालीं थांबला, आणि गिऱ्हाइकापुढें हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर, वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्याच गाड्या उरल्या. पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. नव्या गाडीची किंमत सरकारी नियंत्रणांत असे, जुनीची नसे. त्यामुळें थोडी वापरलेली फियाट नवीपेक्षां महाग विकली जाण्याचा चमत्कार घडे. अशा बाजारांत दोष कोण पाहणार? गाडी मिळाली हेंच भाग्य. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुतीची पहिली गाडी बाहेर आली व पुढें १९९३ सालीं मोटारीच्या कारखान्यांवरील परवान्यांचा जाच उठला, तेव्हां कोठें जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या खालीं आली आणि निवड करण्याची सोय झाली.

नेमक्या या विषयावर अमेरिकेंत जॉर्ज ॲकरलॉफ यांनीं १९७० सालीं एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें : गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाहीं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला मध्यम किंमत देऊं करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाहीं; बाजारांत राहतात त्या वाईट गाड्या, आणि मग किंमत आणखी खालीं जाते. तीन नियतकालिकांनीं नाकारलेल्या या निबंधाबद्दल त्यांना २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वऱ्हाडांतला हेडी हें तत्त्व जाणूनच होता. तो तें लिहीत बसला नाहीं इतकेंच. अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें मोटारीचा किलोमीटर-मैलांचा आंकडा मागें फिरविणें हा गुन्हा ठरला, यावरून ही लबाडी तिकडेहि किती पसरली असेल याची कल्पना येते.

आकडा मागें फिरला असेल तर तो ओळखावा कसा? येथें बैलाच्या दांताची आठवण ठेवावी. चाळीस हजार किलोमीटर धांवलेल्या गाडीच्या ब्रेकच्या पायदानाचें रबर गुळगुळीत झालेलें नसतें, सुकाणूच्या चाकावरील नक्षी पुसलेली नसते, चालकाची बैठक खचलेली नसते. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार टायर चार वर्षांचे निघाले तर त्यांचा इतिहास विचारावा. सेवाकेंद्रांतील नोंदी मिळाल्यास मीटरच्या आंकड्याशीं ताडून पाहाव्यात.

पत्रा दिवसाच्या उन्हांत पाहावा, दिव्याखालीं किंवा पावसांत पाहूं नये. दरवाजा व बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत काय, रबराच्या कडेला रंगाचे शिंतोडे आहेत काय, बॉनेटच्या स्क्रूंवर पान्याचे ओरखडे आहेत काय, यावरून आपटलेली गाडी बोलूं लागते. जेथें खड्ड्यांत लांबी भरून वर रंग मारलेला असतो तेथें चुंबक धड चिकटत नाहीं. घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेंत वाढलेल्या गाडीला गंज कमी. समुद्रकांठची गाडी स्वस्त मिळाली तर खालून पत्रा अवश्य पाहावा. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व असंख्य वाहनें पाण्याखालीं गेलीं. तसे पूर पुढेंहि आले आहेत. बुडालेली गाडी धुवून-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकणें अवघड नसतें. तिची ओळख अशी कीं, बैठकीचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला असतां आंतल्या टोकाला गाळाची रेघ सांपडते, सतरंजीखालीं कुबट वास येतो, आणि बैठकीच्या खालचे बोल्ट गंजलेले असतात.

इंजिन थंड असतांनाच सुरू करावें. घरीं गेल्यावर विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेविलें असेल तर बॉनेटवर हात ठेवतांच कळतें, आणि त्या दिवशीं परत फिरावें हें बरें. निळसर धूर तेल जळत असल्याचा, काळा धूर इंधन अधिक जात असल्याचा. पांढरा धूर इंजिन तापल्यावरहि थांबेना तर आंत पाणी शिरत असल्याचा संशय धरावा. तेलाच्या झांकणाखालीं ताकासारखा पांढुरका थर दिसला तर तोच रोग. किल्ली फिरवितांच एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसेल तर तो मुद्दाम बंद केला असावा. मग घाट. बुलढाणेकरांना ही सोय घरच्या घरीं आहे. राजूर घाट किंवा खामगांवकडे जातांना बोथ्याचा घाट, सर्व बैठका भरून एकदां चढावा व एकदां उतरावा. चढतांना क्लच घसरतो काय व तपमानाचा कांटा वर सरकतो काय, उतरतांना ब्रेक एका बाजूस ओढतो काय, हें सपाट रस्त्यावरच्या दहा चकरांत कळत नाहीं तें येथें कळतें. भरली गाडी जुंपून चढावर बैल पाहणारा शेतकरी दुसरें काय करीत होता? त्यानंतर ओळखीच्या मेस्त्रीकडून संगणकी तपासणी करून घ्यावी. विकणाऱ्याचा मेस्त्री उपयोगाचा नाहीं.

परंतु घराला खरा धोका इंजिनापेक्षां कागदाचा अधिक असतो. बिघडलें इंजिन पैशानें दुरुस्त होतें. नांवाचा घोळ मात्र वर्षानुवर्षें निस्तरत नाहीं. नोंदणीपत्रावरील सतरा अक्षर-अंकांचा चॅसिस क्रमांक व इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर वाचून एक-एक अक्षर जुळवावें. सातबारावर जसा बोजा, तसा नोंदणीपत्रावर कर्ज देणाऱ्या बँकेचा उल्लेख असतो. कर्ज फिटलें असलें तरी बँकेच्या दाखल्यानिशीं तो उल्लेख काढून घेतल्याशिवाय पैसे देऊं नयेत. दंडाच्या नोटिसा, कर, विमा, प्रदूषणाचा दाखला हें पाहावें. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें तिचें नूतनीकरण करावें लागतें, हें किंमत ठरवितांना ध्यानीं असावें. दिल्लींत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आल्यावर तिकडच्या गाड्या इतर प्रांतांत स्वस्त दरानें येऊं लागल्या. त्या घेतांना तिकडील ना-हरकत दाखला व महाराष्ट्रांतील कर हा खर्च जमेस धरला म्हणजे स्वस्ताई कितीशी उरते तें दिसेल.

मालकी बदलण्यासाठीं २९ व ३० क्रमांकांचे नमुने भरावे लागतात. त्याच राज्यांतील गाडी असल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. पुष्कळ लोक नमुन्यांवर सह्या घेऊन कागद कपाटांत ठेवितात, आणि गाडी तशीच पुढें दुसऱ्याला, तिसऱ्याला विकली जाते. फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें. गाडी एकामागून एक अशी अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नांवावर राहिली होती, आणि शेवटच्या माणसाच्या ताब्यांत असतांना अपघात होऊन एक मूल दगावलें. न्यायालयानें नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच कायद्यानें मालक, असें ठरवून नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर टाकली. दोन वर्षांपूर्वीं गाडी विकून मोकळा झालों असें समजणाऱ्या गृहस्थाला हा निर्णय केवढा जड गेला असेल! तेव्हां नांव बदलण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यानेंहि करावयास हवी, आणि तो टाळाटाळ करीत असेल तर कांहीं तरी पाणी मुरत आहे असें समजावें.

विम्याचेंहि तसेंच. दुसऱ्याला झालेल्या इजेपुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाहीं. १४ दिवसांच्या आंत कंपनीस अर्ज करून तो नांवावर करून घ्यावा लागतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाहि परिवहन खात्याचें अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू झाला आहे, आणि मालकानें गाडी अशा व्यापाऱ्याच्या ताब्यांत दिल्याची सूचना कार्यालयास केली म्हणजे ती विकली जाईपर्यंत व्यापारीच मालक समजला जातो. १८९७ सालीं वऱ्हाडाच्या कापूसपेठेंत दलालाला परवाना लागूं लागला होता. मोटारीच्या दलालाला तो लागावयास त्यानंतर सव्वाशें वर्षें गेलीं. दुकानदाराकडून गाडी घ्यावयाची झाल्यास हें अधिकारपत्र दुकानांत कोठें लावलें आहे तें आधीं विचारावें.